कबरींचे दगड की भुतांची फेरी?

भाचीला पडलेला पेच: पाहुण्या मुलांना जुन्या छावणीतल्या इंग्रजी कबरी दाखवाव्यात, की रात्री भुताच्या गोष्टींची फेरी करवावी?

खर्च म्हणाल तर कबरींना रखवालदाराची परवानगी पुरते, फेरीला माणशी पैसे. खरेपणात दगड कितीतरी पुढे. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठतात, बोटाखाली पलटणीचं नाव लागतं, मग वय. बावीस-तेवीसची पोरं, बाई! (तारेचा ब्रश लावू नका, अक्षरंच जातात.) फेरीत बिनमुंडक्याचा गोरा साहेब हमखास भेटतो, 23 सप्टेंबर 1803 ची इंग्रज-मराठ्यांची असईची लढाई सांगणारा मिळाला तरच जावं.

लहानग्यांना, गप्पांच्या हौशीला फेरी. वाचणाऱ्या पोरांना खुशाल कबरींकडे न्यावं. जोडीला खुलताबादेत मलिक अंबरची कबर.