गरम झाल्यावर चालू न होणारी पिकअप आणि माझे गेलेले 45,350 रुपये

हे लिहायला दोन महिने लावले. घरातले म्हणत होते, झालं ते झालं, चारचौघांत सांगून आपलीच अब्रू जाते. जाऊ दे. माझे 45,350 रुपये गेलेत, आबांच्या गाडीचा मूळ कार्बोरेटर गेलाय आणि ज्यानं हे केलं तो आजही हायवेच्या कडेला शटर वर करून बसलाय. कोल्हापूर भागात जुन्या पेट्रोल गाड्या जीव लावून सांभाळणारे अजून बरेच आहेत. त्यांनी तरी हे वाचावं.

गाडी महिंद्राची जुनी पेट्रोल पिकअप. विलीजच्या जीपमधून आलेलं चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, 2.2 लिटरचं, इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडात आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकात. पॉइंट-कंडेन्सरवर, म्हणजे ठिणगी पाडायच्या जुन्या पद्धतीवर चालणारी, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. हंगामात गुळाचे रवे भरायचे, पंचगंगा ओलांडून मार्केट यार्डात उतरायचे, एवढंच तिचं काम. आबा होते तोवर तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

फेब्रुवारीत तिनं एक खोड काढली. सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फला चालू. यार्डात पोचून काट्याला नंबर लागेपर्यंत बंद केली, की दहा-पंधरा मिनिटांनी चालूच व्हायची नाही. सेल्फ खणखणीत फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबलं, की काही झालंच नाही अशी चालू. सेल्फ खणखणीत फिरायचा, हे लक्षात ठेवा. माझ्या ते लक्षात राहिलं नाही, म्हणून ही वेळ आली.

आमचे नेहमीचे मिस्त्रीकाका उद्यमनगरात असतात. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं ते दीड महिना घरी होते. ऊस तोडून पडलेला, रस थांबवून ठेवता येत नाही, गुळव्या आणि चुलवाणावरची माणसं रोजावर. अशा वेळी रस्त्यात जे गॅरेज दिसलं तिथं गाडी लावली. शहाणपण शिकवणाऱ्यांना एवढंच सांगतो, हंगामात गुऱ्हाळ चालवून बघा, मग बोला.

पहिल्या दिवशी त्यानं 1,850 रुपये घेतले. प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवीन आणि ट्युनिंग. बिल मागितलं तर चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला. तिथंच उठायला पाहिजे होतं. बिल देत नाही त्याच्याकडं गाडी ठेवू नका, तो कितीही गोड बोलू दे.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी यार्डात गरम गाडीला सेल्फ मारला आणि आतून खाडकन आवाज. सेल्फ अर्धा फिरला, अडला, कुणीतरी मागं ढकलावं तसा झटका बसला. परत मारला, परत तसंच. थंड झाल्यावर मात्र बिनतक्रार चालू. गॅरेजवाला म्हणाला, "मालक, बॅटरीनं जीव सोडलाय. गरम इंजिन ओढंना झालंय." नवी बॅटरी, 6,200. फरक पडला नाही. मग "सेल्फच गेलाय, वाइंडिंग जळलंय", 4,500. तरीही तेच.

मूळ तक्रार होती, सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही. आता तक्रार झाली, सेल्फच फिरत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात ठिणगी तरी नाही किंवा पेट्रोल तरी नाही. दुसऱ्यात ठिणगी आहे, पण ती वेळेआधी पडतेय. पिस्टन वर पोचायच्या आत गॅस पेटतो आणि पिस्टनला उलटा खाली ढकलतो. गरम इंजिनात मिश्रण भराभर पेटतं, म्हणून झटका गरमातच जोरात बसतो. लहानपणापासून ऑइल इंजिनं हाताळलेला माणूस मी, आणि पहिलाच आजार बळावलाय असं समजून पैसे मोजत राहिलो. त्याच्या गॅरेजात गाडीचा आजारच बदलला, आणि तो मी डोळ्यांनी बघूनही ओळखला नाही.

याहून जास्त जाळतं ते वेगळंच. सेल्फ भरून आणला त्या संध्याकाळी मोबाइलच्या उजेडात मी बॉनेटमध्ये वाकलो होतो. आबांनी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बरोबर बसवून डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) बुडापासून खाली ब्लॉकवर पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. कुणी हात लावला तर कळावं म्हणून. बोटानं ग्रीस पुसलं, तर रेघ तुटलेली. वरचा तुकडा खालच्यापासून गव्हाच्या दाण्याएवढा बाजूला सरकलेला. मी विचारलं, "टायमिंग हलवलंय का?" तो म्हणाला, "नवीन पॉइंट घातल्यावर हलवायलाच लागतंय मालक. ती रेघ जुन्या पॉइंटची." आणि मी मान डोलावली.

त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, म्हणूनच ते पटलं. पॉइंटचं अंतर बदललं की टायमिंग थोडं बदलतं. पण थोडंच. डिस्ट्रिब्युटर एक अंश फिरवला की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. या इंजिनाला ठिणगी पिस्टन वर पोचायच्या 5 अंश आधी लागते. पॉइंटचं अंतर वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचं तीस थाऊ, सिलिंडर पेटायचा क्रम 1-3-4-2. हे आकडे आबांच्या वहीत पहिल्या पानावर आहेत. वही घरात कपाटात होती आणि मी गॅरेजात उभा होतो. एक टायमिंग लाइट लावून पुलीवरची खूण दाखव म्हटलं असतं तर तिथंच त्याची बोबडी वळली असती. तुमचा मिस्त्री टायमिंगला हात लावत असेल तर आधी आणि नंतर खूण स्वतः बघा.

पुढं तर धाडस वाढलं. "पेट्रोल उकळतंय, कार्बोरेटर एक्झॉस्टच्या वर बसलाय ना" म्हणून इंपोर्टेड कार्बोरेटर, 7,800. हीसुद्धा अर्धी खरी गोष्ट. गरम गाडी बंद केल्यावर पेट्रोलची वाफ होते, पण तेव्हा सेल्फ अडत नाही. जुना कार्बोरेटर परत मागितला, तर "भंगारात गेला". काढलेला प्रत्येक पार्ट त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणा. उद्या देतो म्हणणारा देत नाही.

शेवटी "इंजिन बसलंय, ओव्हरहॉलिंग", एकूण 40,000 सांगितले, 25,000 आगाऊ. 15,000 फोनवरून दिले, तेही कुणा भलत्याच नावाच्या खात्यावर. 10,000 रोख. चार दिवसांत गाडी तयार. सिलिंडर बोअर करून, नवीन पिस्टन घालून, सगळं चार दिवसांत! बोरिंगवाल्याची पावती मागायची अक्कल मला सुचली नाही, तुम्ही मागा. त्यानं "हे बघा तुमचे पिस्टन" म्हणून चार जुने पिस्टन दाखवले, त्यांचा मी फोटो काढला. माझ्याकडून एवढीच एक गोष्ट बरोबर झाली. उरलेले 15,000 चार दिवस गाडी चालवून बघून देतो म्हटलं, तेवढे वाचले. भाड्याच्या टेम्पोचे चार दिवसांचे 5,600 गेले ते मी हिशेबात धरलेलेच नाहीत.

गाडी आली, झटका बंद. मला वाटलं, चला, पैसे गेले पण काम झालं. आठवड्याच्या आत यार्डात पुन्हा तेच. सेल्फ खणखणीत, इंजिन पकडत नाही. पहिल्या दिवसाचा आजार जसाच्या तसा हजर.

तोवर मिस्त्रीकाका काठी घेऊन दुकानात यायला लागले होते. त्यांनी गाडी गरम होऊ दिली, बंद केली, पंधरा मिनिटं थांबले. कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून पक्कडीनं ब्लॉकपासून पाव इंचावर धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितला. पिवळी, बारीक, मरतुकडी ठिणगी. निळी आणि चटचट वाजणारी पाहिजे. मग पॉइंटचं झाकण काढलं. कंडेन्सर जुनाच, त्याच्या वायरीच्या टोकाला हिरवं चढलेलं. नुसता पुसून परत बसवलेला, आणि नव्याचे पैसे मी 1,850 मध्ये दिलेले. काकांनी नवा कंडेन्सर घातला, 180 रुपये. मजुरी 500. गाडी त्या दिवसापासून आजपर्यंत गरमात एकदाही अडलेली नाही. दोन मिनिटांची ही ठिणगीची तपासणी त्या गॅरेजात एकदाही झाली नव्हती. जो ठिणगी न बघता पार्ट बदलायला सांगतो, त्याच्यासमोरून गाडी ढकलत न्यावी लागली तरी न्या.

मग मी रेघेचं सांगितलं. काकांनी वाकून बघितलं. रेघ पुन्हा जुळलेली होती! नवीन पॉइंटला टायमिंग हलवायलाच लागतं म्हणणाऱ्यानं ते मुकाट्यानं जागेवर आणून ठेवलं होतं. काकांनी बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्युटर तेवढाच, गव्हाच्या दाण्याएवढा फिरवला आणि म्हणाले, "मार सेल्फ." खाडकन तोच आवाज, तोच झटका. माझ्या पोटात कालवलं. बॅटरी चांगली होती, सेल्फ चांगला होता. आजार त्यानं एका पान्यानं घातला आणि त्याच पान्यानं काढला.

ओव्हरहॉलिंगचं म्हणाल तर हेडच्या नटांवर चंदेरी रंग मारलेला. काकांनी नखानं खरवडलं, खाली जुना गंज. नट आणि हेड यांच्या फटीत रंग सलग, पाना लागल्याची एकही खूण नाही. इंजिन उघडलंच नव्हतं. फोटोतल्या पिस्टनच्या डोक्यावर खोल वाटी होती. काका म्हणाले, "हे डिझेलचे आहेत रे बाबा." पेट्रोल गाडीच्या मालकाला डिझेलचे पिस्टन दाखवून 25,000 घेतले.

आता ज्यांच्याकडं दाद मागायची त्यांचं ऐका. चौकीत पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून आणा. तिसऱ्या दिवशी अर्ज वाचून म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. मी म्हटलं, साहेब, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, दुसऱ्या इंजिनाचे पिस्टन दाखवले, मूळ पार्ट ठेवून घेतला, यात दिवाणी काय? तर उत्तर मिळालं, "एवढी जुनी गाडी ठेवताच कशाला? भंगारात घाला." आबांची गाडी आहे ती. तुमच्या घरातलं माणूस म्हातारं झालं म्हणून बाहेर काढता का? 1 जुलै 2024 पासून चारशेवीसच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आलं, त्याच्या चौथ्या पोटकलमात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी शेतकरी असून हे वाचून गेलो होतो, आणि टेबलापलीकडच्या माणसाला ते माझ्याकडून ऐकायचं नव्हतं. अर्जावर पोच द्यायलाही दोन फेऱ्या मारायला लावल्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका, नाहीतर अर्ज दिलाच नाही म्हणतात. शेवटी गॅरेजवाल्याला बोलावलं. तो आला, चहा प्याला, आणि साहेबांनी आम्हा दोघांना सांगितलं, "आपसात मिटवा." बाहेर आल्यावर तो मला 3,000 द्यायला निघाला. मी घेतले नाहीत. घेतले असते तर मिटलं म्हणून फाइल बंद झाली असती.

बँकेत गेलो तर, तुम्ही स्वतः पिन टाकलाय, आम्ही काय करणार. ज्या नावावर पैसे गेले तो कोण, एवढं तरी सांगा म्हटलं, तर तेही सांगता येत नाही. दुसऱ्या एका सरकारी कचेरीत सांगितलं, गॅरेज आमच्याकडं येत नाही. मग कुणाकडं येतं? ते त्यांना माहीत नाही. गाडीच्या कागदात एक दिवस उशीर झाला तर दंड लावायला सगळे हजर असतात. गाडीवाल्याला लुटलं तर एकाचंही खातं नाही. गुऱ्हाळ सोडून मी एकूण अकरा फेऱ्या मारल्या. प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच, बिल कुठंय?

त्या चिठोऱ्या, पिस्टनचा फोटो, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि काकांनी सही करून दिलेला लेखी अहवाल, एवढ्या भांडवलावर मी आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर त्याला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. कुणी तुम्हाला आता उशीर झाला म्हणून घरी पाठवत असेल तर जाऊ नका. आणि तक्रारीआधी गाडी दुरुस्त करून घेणार असाल तर खराब पार्टचे फोटो, तारीख, काढणाऱ्याची सही, हे सगळं आधी. माझा जुना कंडेन्सर मी डबीत ठेवलाय.

एक विनंती आहे. आबांचा कार्बोरेटर भंगारात गेलेला नाही, असं माझं मन सांगतं. या इंजिनाचा मूळ कार्बोरेटर चालू स्थितीत मिळणं सोपं नाही आणि तो विकणाऱ्याला ते नीट माहीत आहे. बाउलच्या पुढच्या बाजूला कानशीनं मारलेल्या दोन आडव्या रेघा आहेत, आणि चोकच्या पट्टीला स्क्रूऐवजी पितळी खिळा ठोकलेला आहे. लक्ष्मीपुरीत, उद्यमनगरात किंवा इचलकरंजीकडं कुणाच्या हाती असा कार्बोरेटर विकायला आला तर मला कळवा. जी काही किंमत असेल ती मी देईन.