उभं राहायला टेबल घेतलं, कामाला आलं बसायला! (9 महिन्यांचा अनुभव)

मी नाशिकला घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. तुळशीचं लग्न लागलं की आमची लगीनसराई सुरू, मग दिवसाला दहा-बारा तास खुर्चीतच. मागच्या सीझनला उजवा खांदा असा धरला की वेणी घालायला हात वर जाईना, म्हणून शेवटी 31 हजार घालून मोटरवालं, वर-खाली होणारं टेबल घेतलं. नवरा म्हणाला एवढ्यात सेकंडहँड स्कूटी आली असती.

पहिल्या आठवड्यात हौसेने पाच-पाच तास उभी राहिले आणि टाचा अशा ठणकल्या की रात्री आईने तेल चोळून दिलं. एकाच जागी खांबासारखं उभं राहणं म्हणजे काही व्यायाम नाही हो, उलट पोटऱ्या भरून येतात. आता कामाप्रमाणे वाटून घेतलंय, फुटेज बघणं, ऑडिओ सिंक, क्लायंटचे "फक्त छोटासा चेंज आहे"वाले फोन हे उभ्याने, आणि बारीक कट, कलर बसून, कारण उभ्याने माऊसवर हात स्थिर राहत नाही आणि टेबल फार वर नेलं की मॉनिटर पण डुगडुगतो.

खरी गंमत मला नंतर कळली. साधं टेबल साधारण 75 सेंटीमीटर उंच असतं आणि मी पाच फूट एक इंच, म्हणजे इतकी वर्षं मी खांदे वर उचलूनच माऊस धरत होते, खुर्ची वर घ्यावी तर पाय लोंबकळायचे. हे टेबल 62 पर्यंत खाली येतं. मी 65 वर ठेवते, कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले, आणि दीडेक महिन्यात खांदा मोकळा झाला. उभं राहून नाही, नीट बसून!

डोळ्यांना मात्र टेबलाचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे बघायचं, मी समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी बघते. मनगटाला आराम मिळाला तो कीबोर्डवरच्या जे-के-एल कीज (व्हिडिओ मागे, थांब, पुढे) वापरायला लागल्यापासून, टाइमलाइन माऊसने ओढणं जवळजवळ बंदच केलंय. आणि एक्स्पोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाईल बनायला लावलं की मोबाईल घेऊन बसत नाही, गच्चीवर जाऊन येते.

एक वैताग सांगायलाच हवा. मे महिन्यात लाईट गेली तेव्हा टेबल वर होतं, पीसी यूपीएसवर पण टेबल नाही, मग डिलिव्हरीची फाईल उभ्यानेच संपवली, खुर्ची शेजारी रिकामी.

घेणार असाल तर दुकानदार टेबल किती वर जातं तेच कौतुकाने सांगतो, तुम्ही किती खाली येतं ते विचारा, बरीच 70-72 ला थांबतात. आणि उंची पावणेसहा फूट असेल तर आधी घरचंच टेबल मोजून बघा, कदाचित पैसे वाचतील.