लाल ठिपका, २४ पानांचा रिपोर्ट आणि माझे ८६,७४० रुपये

आधीच सांगतो, मी या धंद्यात नवा नाही. २००३ पासून केबल चालवतो. पावसात पोलवर चढून कोएक्सियलचे कनेक्टर मारलेत. म्हणून तर हे लिहायला जास्त लाज वाटते. पोरगा म्हणाला, आप्पा, कशाला चारचौघांत सांगता. पण मी गप्प बसलो तर मला फायबर जोडणीच्या कामात फसवणारा तो माणूस पुढच्या गावात निवांत जेवायला बसेल.

आमचा भाग तापीकाठचा, केळीच्या पट्ट्यातला. दोन गावांमध्ये २४ कोअरची, म्हणजे आत केसाएवढ्या २४ काचा असलेली फायबर माझ्याच पोरांनी, माझ्याच पोलवरून ओढली. राहिलं होतं दोन्ही टोकांचं काम. भिंतीवर ९ यू रॅक, रॅकमध्ये २४ पोर्टची एलआययू, म्हणजे जॉइंट ठेवायची पेटी, आत प्रत्येक कोअर पिगटेलला, म्हणजे कनेक्टर लावलेल्या काचेच्या तुकड्याला जोडायचा. एका टोकाला २४, दोन्हीकडचे मिळून ४८ जॉइंट. स्प्लायसिंगचं, म्हणजे काच वितळवून जोडायचं मशीन माझ्याकडे नाही. लाखाच्या घरातली वस्तू, चार दिवसांच्या कामासाठी कोण घेतो? ओळखीतल्या एकाने हे काम करणाऱ्याचा नंबर दिला. तोही पुढे म्हणाला, 'मला काय माहीत भो, मी फक्त नंबर दिला.'

दर ठरला ६८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८०,२४०. रॅक, एलआययू, पिगटेल, जॉइंट, ओटीडीआरचा, म्हणजे काचेची लांबी आणि जॉइंट तपासणाऱ्या मशीनचा रिपोर्ट सगळं धरून. ३०,००० ॲडव्हान्स, माल उतरल्यावर ३५,०००, रिपोर्ट आल्यावर १५,२४०. मधेच ओटीडीआर मशीनचं भाडं म्हणून ६,५०० रोख घेतले, पावती नाही. रिपोर्ट दरात धरलेला असताना भाडं वेगळं कसलं, हे तेव्हा सुचलं नाही. एकूण ८६,७४०. नंतर जळगावला गोलाणी मार्केटमध्ये फिरून भाव काढले. सगळा माल २६,००० च्या आत बसतो.

आता तो दिवस. मे महिना, खोलीवर पत्रे, बाहेर ४४ अंश. दुसऱ्या गावातलं टोक त्याने आदल्या दिवशी उरकलेलं. मी तिकडे रॅकपाशी उभा, तो इकडून लाल लाईटचा पेन मारतोय, फोन चालू. 'आप्पा, दिसला का?' पोर्टसमोर तळहात धरला की हातावर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका. 'दिसला!' पहिला, दुसरा, असे सहा. मग म्हणाला, 'बाकीचे तसेच आहेत आप्पा, उन्हात कशाला तापता, घरी जाऊन पन्हं प्या.' आणि मी गेलो. खरंच घरी जाऊन पन्हं प्यालो.

लाल पेन काच अखंड आहे एवढंच सांगतो. लॉस किती, म्हणजे वाटेत उजेड किती कमी झाला, ते पॉवर मीटर सांगतो. हे मला माहीत होतं, तरी तो ठिपका हातावर पडला की माणूस खूश होतो.

परत येईतो एलआययूचं झाकण चार स्क्रूंनी बंद, वर स्टिकर: उघडल्यास वॉरंटी रद्द. झाकण लावण्याआधी आतला जॉइंटचा ट्रे बघा. स्वतः. प्रत्येक स्लीव्ह, म्हणजे जॉइंटवरची नळी उजेडात धरा, दोन्हीकडून काच आत गेलेली दिसली पाहिजे.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. २४ पानं, प्रत्येक कोअरचा ग्राफ, प्रत्येक पानावर अंतर ४.२१२ किलोमीटर. इथे मी माझं कपाळ फोडून घ्यायला हवं होतं. केबलच्या सालीवर मीटरचे आकडे छापलेले असतात. ओढताना मी डायरीत लिहिले होते, सुरुवात ००१२, शेवट ३८२६. म्हणजे ३,८१४ मीटर. आतली काच सालीपेक्षा थोडी जास्त भरते, पण शंभर-दीडशे मीटरही नाही. इथे ४०० मीटर जास्त! डायरी शर्टाच्या खिशात, रिपोर्ट हातात, आणि मी १५,२४० पाठवले. २४ पानांवर लॉसही तिसऱ्या दशांशापर्यंत एकच होता. दोन कोअर कधी इतके जुळे नसतात.

पहिले दोन पोर्ट चालत होते म्हणून कळायला १९ दिवस लागले. नव्या गल्लीसाठी नववा पोर्ट लावला, गिऱ्हाइकांच्या सगळ्या डब्यांवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा लाल दिवा. त्याला फोन केला: 'उद्या येतो.' मग 'बहिणीचं लग्न आहे.' मग स्विच ऑफ. भुसावळचा एक पोरगा बोलावला. झाकण काढून तो हसला नाही, याबद्दल त्याचे आभार. केबलमध्ये सहा-सहा कोअरच्या चार ट्यूब, त्यातल्या निळ्या ट्यूबचे सहाच कोअर जोडलेले, उरलेल्या तीन ट्यूब ट्रेखाली झिप टायने आवळून ठेवलेल्या. १८ पिगटेलच्या टोकांवर नुसत्या स्लीव्ह तापवून बसवल्या होत्या, आत दुसरं टोकच नाही. दुसऱ्या गावातही तेच. ३६ जॉइंट, २०० प्रमाणे ७,२०० आणखी गेले.

बिल सीएला दाखवलं. त्याने एका नजरेत सांगितलं: पत्ता जळगावचा, जीएसटी नंबर २४ ने सुरू, म्हणजे गुजरातचा. महाराष्ट्राचा २७ ने असतो. वर सीजीएसटी ६,१२०, एसजीएसटी ६,१२०, म्हणजे राज्यातल्या बिलासारखं. १२,२४० चं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही गेली. नंबर पोर्टलवर फुकट तपासता येतो, पैसे देण्याआधी तपासा.

पोलीस ठाण्यात ट्रे घेऊन गेलो. अंमलदाराने चिमटीत काच धरली. 'एवढ्याशा केसासाठी ऐंशी हजार?' मग, रॅक कुठल्या गावात? एक आमच्या हद्दीत, दुसरा नाही. म्हणे तिकडे जा. तिकडचे म्हणाले, काम झालंय ना थोडं, मग हा दिवाणी मामला. हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यावी लागते, नव्या कायद्यात तसं लिहिलंय, असं मी म्हणालो तर 'वकील आहात का?' चार चकरा. अर्जात 'फायबरचे डबे चोरीस गेले' टाइप केलं होतं, ते दुरुस्त करायला पाचवी चकर. हातात काय, तर पोच म्हणून एक शिक्का. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. हो, मीच टाकला! बंदूक लावली असती तरच फसवणूक काय?

रोख देऊ नका. शेवटचा हप्ता स्वतःच्या पॉवर मीटरने सगळे पोर्ट मोजल्यावरच द्या, मीटर दोनेक हजारांत येतो. आणि समोरचा घरी जा म्हणाला की तिथेच खुर्ची टाकून बसा.

मागच्या आठवड्यात शिरपूरकडच्या एका ऑपरेटरचा फोन आला. आप्पा, एक जण आलाय, स्वस्तात करतो म्हणतो, आधीच्या कामाचा २४ पानांचा रिपोर्ट दाखवतोय. मी विचारलं, अंतर किती लिहिलंय? त्याने पान उघडून वाचलं, चार पूर्णांक दोन एक दोन.