रजिस्टर ट्यूब बदलली: बी फ्लॅट खुलला, पण वरचा सी चढला

क्लॅरिनेटच्या वरच्या जॉइंटमधली मूळ रजिस्टर ट्यूब (रजिस्टर की, म्हणजे वरच्या सुरांच्या पट्ट्यात जायची कळ, तिच्याखालची छोटी नळी) काढून ही नवी बसवली, बोअरकडे (वाद्याच्या आतल्या पोकळीकडे) बारीक आणि पॅडकडे (भोक झाकणाऱ्या गादीकडे) मोकळी होत जाणारी, आणि आता भरपूर वाजवून झालंय म्हणून लिहितोय. थ्रोट बी फ्लॅट (खालच्या पट्ट्यातला सगळ्यात वरचा सूर, तोही याच नळीतून निघतो) सुधारलाय यात वादच नाही. आधी ए वरून बी फ्लॅटवर गेलं की सर्दी झाल्यासारखा आवाज यायचा, आता दोन्ही सूर एकाच वाद्यातले वाटतात.

पण गंमत अशी की साधारण ३ मिमी भोकाच्या या नळीवर दोन कामं लादलेली असतात. बी फ्लॅटला भोक मोठं हवं, रजिस्टर (सुरांचा पट्टा) बदलायला बारीक, म्हणजे धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. त्यात क्लॅरिनेट वरच्या सा ला जात नाही, थेट तार सप्तकातल्या पंचमावर उडी मारतं, आणि त्या उडीसाठी प्रत्येक सुराला व्हेंट (हवा सुटायचं भोक) वेगळ्या जागी लागतो, नळी मात्र एकाच ठिकाणी ठोकलेली, मग मधले सूर जुळतात आणि टोकाचे चढतात. भोक जेवढं मोकळं तेवढं हे चढणं जास्त. माझ्याकडे तेच झालं, लो एफ धरून रजिस्टर की दाबली की येणारा सी आधीच थोडा चढा होता तो आता ट्यूनरवर स्पष्ट दिसतो, ओठ सैल करून उतरवावा लागतो.

एक फायदा मात्र अनपेक्षित होता, वरच्या ए, बी ला हळूच सुरुवात केली की आधी खालचा सूर घुरघुरायचा ते बरंच कमी झालंय.

नवी ट्यूब बोअरमध्ये जरा कमी घुसते. त्यामुळे स्वॅब (आतून पुसायचं फडकं) ओढताना अडकत नाही (हा त्रास ज्यांना आहे त्यांनाच कळेल), पण भिंतीवरून ओघळणारं पाणी भोकात शिरायला मोकळं, जास्त वेळ वाजवलं की बी फ्लॅट गुडगुडतो. कॉर्कचा पॅड लावूनही यात फरक नाही. आणि बसवताना ट्यूबच्या बाजूने हवा गळत नाही ना ते नीट बघून घ्या, गळली तर खालचं रजिस्टरच बिघडतं आणि दोष रीडला दिला जातो.

थ्रोटचे सूर जास्त वाजवत असाल तर जरूर घ्या, सतत ब्रेक (खालच्या आणि वरच्या रजिस्टरमधली सीमा) ओलांडत असाल तर मूळचीच बरी. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. जुनी ट्यूब टाकू नका, केसमध्ये ठेवा.