600 व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस, तीन वर्षं वापरल्यानंतर

घरच्या डेस्कटॉपसाठी घेतलेला हा यूपीएस (लाईट गेली की थोडा वेळ बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणारा डबा) आता तीन वर्षांचा झालाय, त्यामुळे नव्याची नवलाई संपल्यावरचा अनुभव लिहितेय. आधीच सांगते, वस्तू चांगली आहे आणि घ्याच, पण ती घेऊन टेबलाखाली सरकवून विसरलात तर ऐन वेळी दगा देणार, माझं तेच झालं.

घ्यायचं कारण म्हणजे लाईट जाण्यापेक्षा लाईट येताना जो झटका बसतो तो. एकदा लाईट दोन-तीनदा आली-गेली आणि मग कॉम्प्युटर चालूच होईना, एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतला, त्याला वीज पुरवणारा डबा) गेला होता आणि हार्डडिस्कवरचं एक फोल्डर उघडेनासं झालं, त्यात मुलीचे लहानपणीचे फोटो होते. एसएमपीएस बदलता येतो हो, फोटो कुठून आणणार. त्या वेळी सगळं एका साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर होतं ज्याला मी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या झटक्यापासून वाचवणारा बोर्ड समजत होते. लाल बटण आणि फ्यूज असला म्हणजे सर्ज प्रोटेक्टर होत नाही. खऱ्या प्रोटेक्टरच्या आत एमओव्ही नावाचा भाग असतो, तो जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेतो आणि किती झेलू शकतो ते ज्यूलमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्येक झटक्याला तो थोडा थोडा झिजतो, म्हणजे तोही कायमचा नाही. आणि घराचं अर्थिंग धड नसेल तर त्याचं निम्मं काम होतच नाही, म्हणून यूपीएसच्या आधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, हे मी सगळ्यांना अगदी कळकळीने सांगते.

आता यूपीएसबद्दल. व्होल्टेज खाली उतरलं की आतून टक् असा रिलेचा (आपोआप चालणाऱ्या स्विचचा) आवाज येतो आणि हा बॅटरी न वापरता आतल्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वर उचलून देतो, लाइन-इंटरॅक्टिव्ह म्हणतात ते यालाच. संध्याकाळी व्होल्टेज वर-खाली होतं तेव्हा हे टक् टक् बऱ्याचदा ऐकू येतं, पहिले काही दिवस दचकायला झालं, आता तो आवाज आला की उलट बरं वाटतं. साध्या ऑफलाइनवाल्यात ही सोय नसते, तो जरा व्होल्टेज पडलं की बॅटरीवर जातो आणि बॅटरी लवकर संपते.

लाईट गेली की बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर (वीज क्षणभर साठवणाऱ्या भागावर) काढतो, माझा कॉम्प्युटर त्यात एकदाही रीस्टार्ट झाला नाही. पण यूपीएस बॅटरीवर असताना जी वीज देतो ती शुद्ध साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट) नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते, आणि अॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज नीट ओढण्यासाठी आत वेगळं सर्किट असलेले) काही एसएमपीएस त्यावर बंद पडतात. तुमच्याकडे तसला असेल तर प्युअर साइन वेव्हचा यूपीएस बघा, महाग पडतो पण मग पर्याय नाही.

खोक्यावरचा मोठा आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो, तो बघून घेऊ नका. 600 व्हीए लिहिलंय पण खरी ताकद 360 वॅट, बारीक अक्षरात लिहिलेली असते ती. माझा कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर मिळून 110 वॅटच्या आसपास जातात, त्यावर नवीन असताना पंधराएक मिनिटं मिळायची. लोड दुप्पट केला तर वेळ निम्म्याहूनही कमी होतो. आणि लेझर प्रिंटर कृपया यावर लावू नका, त्याचा हीटर एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं.

तर दगा कसा दिला. अडीच वर्षांनी एकदा लाईट गेली, बीप सुरू झालं, मी निवांत होते कारण पंधरा मिनिटं आहेत म्हणून, आणि चार मिनिटांच्या आत स्क्रीन काळी. खालचं झाकण उघडलं तर बॅटरी फुगलेली, दोन्ही बाजू पोटासारख्या बाहेर आलेल्या, खाच्यातून निघता निघेना, शेवटी हळूहळू हलवत काढली (अशी फुगलेली असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नका). आत 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बंद लेड-अॅसिड बॅटरी असते, साधारण तीन ते पाच वर्षं चालते पण उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, आणि मी तो यूपीएस सीपीयूच्या गरम हवा फेकणाऱ्या पंख्याच्या बरोब्बर मागे, भिंतीला चिकटवून ठेवला होता. यूपीएसवरचा हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत हिरवाच होता, माझी खरी तक्रार हीच आहे, बॅटरी मरत आलीय हे या मॉडेलने एकदाही सांगितलं नाही.

म्हणून आता महिन्यातून एकदा सगळं सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करते आणि घड्याळ लावून बघते. प्लग उपसायचा नाही, बटणच बंद करायचं, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. मागच्या यूएसबी पोर्टची वायर पण आता जोडलीय, जी तीन वर्षं खोक्यात पडून होती! तिच्यामुळे बॅटरी कमी झाली की कॉम्प्युटर आपोआप नीट शटडाउन होतो, घरात कोणी नसलं तरी. माझ्या मते बॅकअपच्या मिनिटांपेक्षा ही वायर जास्त मोलाची आहे.

एक राहिलं, ढग गडगडायला लागले की मी अजूनही सगळे प्लग काढते, राउटरला येणारी तांब्याची वायरसुद्धा, कारण झटका त्या वाटेनेही आत येतो आणि जवळ पडलेल्या विजेपुढे यातलं काहीच टिकत नाही.

बॅटरी बदलल्यावर परत पंधरा मिनिटं मिळतायत. नव्या बॅटरीवर आणि यूपीएसच्या पाठीवरही मार्करने तारीख लिहून ठेवलीय, आणि पंख्यामागून काढून तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मोकळ्या हवेत ठेवलाय.