नमुना नीट घेणारी लॅब (कोथरूड, पुणे)

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना ताप आला. वय ६८, त्यात मधुमेह. पहिली आरटीपीसीआर, म्हणजे नाका-घशातल्या नमुन्यात कोरोनाचा विषाणू शोधणारी चाचणी, आम्ही दुसरीकडे केली होती. तिथल्या मुलाने नाकाच्या तोंडाशीच काडी फिरवली आणि पाच सेकंदांत काम उरकलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आम्ही निर्धास्त झालो, आई पुन्हा बाबांच्या खोलीत झोपायला लागली. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, ‘‘चहाला वासच नाही गं.’’ पोटात गोळाच आला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आई-बाबा दोघांसाठी या लॅबमधून माणूस घरी बोलावला. फोन लागायला दीड तास गेला. पैसे मात्र तेव्हाच्या सरकारी दराप्रमाणे, घरी येऊन माणशी ८०० रुपये. पीपीईचे वेगळे लावले नाहीत.

आलेल्या ताईंनी बाबांची मान किंचित मागे टेकवली. काडी वर न नेता सरळ मागे, आत खोलवर नेली. ‘‘काका, डोळ्यांत पाणी येईल. मनात दहा मोजा.’’ मग घशातला नमुना. काड्या खुणेवर मोडून गुलाबी द्रावणाच्या नळीत टाकल्या, नळीवरचं नाव आणि वय बाबांना वाचून दाखवलं आणि नळी बर्फाच्या डब्यात गेली. आईने मात्र काडी लागताच डोकं झटकन मागे घेतलं आणि पुन्हा घेऊच दिली नाही.

रिपोर्ट २४ तासांत मिळेल असं सांगितलं होतं, लागले तीन दिवस. नमुन्यांचा ढीग पडलेला, त्यात त्यांचेच दोन तंत्रज्ञ आजारी. कारण पटतं, पण ते तीन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. निदान उशीर होणार एवढं तरी कळवायला हवं होतं.

बाबा पॉझिटिव्ह आले. आईच्या रिपोर्टआधी लॅबच्या डॉक्टरांचाच फोन आला, रात्री साडेनऊला. आईच्या नमुन्यात विषाणू दिसला नव्हता, पण माणसाच्या पेशींतलं जे जनुक दिसायलाच हवं, तेही दिसलं नव्हतं. म्हणजे काडीवर पुरेसं काही आलंच नव्हतं. ‘‘याला मी निगेटिव्ह लिहू शकत नाही,’’ म्हणाले. सकाळी त्याच ताई पुन्हा आल्या, पैसे न घेता. या वेळी आई पॉझिटिव्ह आली.

मी लॅबच्या डॉक्टरांना बाबांच्या पहिल्या रिपोर्टबद्दल विचारलं. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. एवढंच सांगितलं की ते जनुक दिसलं तरी पेशी आल्या एवढंच कळतं, योग्य जागेवरून आल्या का ते कळत नाही. आणि नमुना उत्तम असला तरी अगदी सुरुवातीला विषाणू हुकू शकतो. लक्षणं असतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून एकत्र झोपू नका, हे त्यांचं वाक्य मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

बाबांच्या रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू (चाचणीच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा; कमी आकडा म्हणजे नमुन्यात विषाणू जास्त) १९ होती. नातेवाइकांचे त्यावरूनच फोन सुरू झाले. डॉक्टरांनी समजावलं की किट बदललं, नमुना कमी-जास्त आला की आकडा बदलतो. त्यावरून आजार किती गंभीर ते ठरवू नका, ऑक्सिमीटर बघा. आम्ही दर चार तासांनी बघत राहिलो. दोघंही घरीच बरे झाले.

लॅबमध्ये जाऊन नमुना द्यायचा तर तेव्हा सकाळी लवकर जावं लागायचं. रांग रस्त्यावर उन्हात लागायची, बसायला काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे चार खुर्च्या आणि वर एक कापड, एवढं त्यांनी करायलाच हवं होतं.