विमानाचं अंतर सांगणारी साइट: किलोमीटर चोख, तासांचा भरवसा नको

लेक न्यूयॉर्कला, आम्ही ठाण्यात. त्यामुळे दोन विमानतळांतलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी एक साइट गेले कित्येक महिने मी सतत वापरतेय. कधी आमचं जाणं, कधी तिचं येणं, कधी व्याह्यांची तिकिटं.

अंतराला साइट चोख आहे. मुंबईचा बीओएम आणि न्यूयॉर्कचा जेएफके हे विमानतळांचे कोड टाकले की सुमारे १२,५४० किलोमीटर येतात, मैलांत ७,७९०. हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. सपाट नकाशावर ती रेघ उत्तरेकडे कमान टाकून जाते, म्हणून पहिल्यांदा चुकीची वाटते. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, लगेच पटेल. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचा एनएमआय कोड टाकला तरी आकडा फारसा हलत नाही, कारण तो सांताक्रूझपासून हवाई अंतराने पंचवीसेक किलोमीटरवरच आहे.

तासांचं तसं नाही. अशा साइट ताशी आठ-साडेआठशे किलोमीटरचा ठरावीक वेग धरतात, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात आणि मोकळ्या होतात. म्हणून जाताना आणि येताना एकच उत्तर मिळतं. प्रत्यक्षात थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि परतताना दीड-दोन तास वाचतात. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, जाताना तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो. घोडबंदर रोडचे किलोमीटर सकाळी-संध्याकाळी तेवढेच असतात, वेळ मात्र वेगळा लागतो, तसंच हे.

वाऱ्याचं महत्त्व पटवायला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण मला फार आवडतं. २०१६ मध्ये एअर इंडियाने या विमानाचा मार्ग अटलांटिकवरून पॅसिफिकवर नेला. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढून १५,३०० च्या आसपास गेलं, तरी दिल्लीहून जाताना वारा पाठीशी मिळाल्याने प्रवासाचा वेळ कमी झाला! उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या कित्येक विमानांना वळसा पडला. साइटवरच्या रेघेला यातलं काहीच कळत नाही.

मध्ये थांबा घेणाऱ्यांनी आणखी एक बघा. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर. बेरीज थेट अंतरापेक्षा जेमतेम चारशेने जास्त. म्हणजे दुबईवरून जाणं लांबचं नाहीच, वेळ जातो तो तिथल्या थांब्यात. ज्येष्ठांचं तिकीट काढताना मी किलोमीटर सोडून हा थांबाच आधी बघते. दीड तासात गेट गाठायची धावपळ नको आणि दहा तास खुर्चीत बसणंही नको.

आणायला जायच्या दिवशी मात्र ही साइट उघडूच नका. तिकिटावरची वेळ घ्या आणि उडती विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या साइटवर विमान नेमकं कुठे आहे ते बघा. समुद्रावर कधीकधी ते अंदाजाने दाखवलेलं असतं, पण अरबी समुद्र ओलांडून किनाऱ्याजवळ आलं की खात्रीचं. विमान उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान यात तासभर सहज जातो, त्यामुळे रात्रीच्या मोकळ्या रस्त्याला ते उतरल्यावर ठाण्याहून निघालात तरी चालतं.

अंतरासाठी साइटला पाचपैकी पाच, वेळेसाठी दोन. जाण्या-येण्याचे तास वेगळे दाखवले तर आणखी एक देईन.